ऑफिसच्या वाय-फायसाठी स्वतःच्या मोबाईलमध्ये सर्टिफिकेट टाकावं का?

नमस्कार. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात परचेसला आहे. कंपनीने नुकताच नवीन प्रॉक्सी (सगळं नेट ज्यातून जातं तो मधला सर्व्हर) बसवला. यूट्यूब, फेसबुक बंद झालं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. नेट कंपनीचं आहे. कटिंग टूलवाल्या काही सप्लायरांच्या साइट 'शॉपिंग' म्हणून अडतात, त्या आयटीला सांगून उघडून घेतेय.

अडचण वेगळीच आहे. वाय-फाय हवं असेल तर स्वतःच्या मोबाईलमध्येही कंपनीचं रूट सर्टिफिकेट (ज्याच्या भरवशावर मोबाईल एखादी साइट खरी मानतो ती फाइल) टाका, असा मेल आलाय. शेडमध्ये रेंज अजिबात नसते, म्हणजे वाय-फाय लागतंच. पण त्याच मोबाईलवर माझी बँक आहे, आईचे दवाखान्याचे रिपोर्ट आहेत.

मला कळलंय ते असं: साधा प्रॉक्सी असेल तर ब्राउझर त्याला फक्त 'अमुक साइटच्या ४४३ पोर्टला (म्हणजे सुरक्षित जोडणीच्या दाराला) जोडून दे' एवढंच सांगतो. पुढचं सगळं कुलूपबंद. साइटचं नाव दिसतं, आतलं पान किंवा पासवर्ड नाही. हे बरोबर आहे का? आणि सर्टिफिकेट टाकल्यावर नक्की काय बदलतं?

उत्तर: ताई, तुमचं बरोबर आहे. सर्टिफिकेट टाकलं की मात्र प्रॉक्सी प्रत्येक साइटच्या नावाने स्वतःचं सर्टिफिकेट जागच्या जागी बनवू शकतो आणि मोबाईल ते खरं मानतो. मजकूर प्रॉक्सीवर उघडतो, तपासला जातो, पुन्हा बंद होऊन पुढे जातो. पासवर्डसुद्धा त्यातच आला. बऱ्याच कंपन्या बँकांच्या साइट यातून वगळतात, पण ते आयटीने तसं सेट केलं असेल तरच. लेखी विचारा.

अँड्रॉइड ७ पासून बहुतेक ॲप्स आपण टाकलेलं सर्टिफिकेट मानत नाहीत, त्यामुळे बँकेचं ॲप त्या वाय-फायवर बंदच पडण्याची शक्यता जास्त. क्रोम मात्र मानतो. धोका ब्राउझरमध्ये आहे.

कंपनीच्या कॉम्प्युटरवर सर्टिफिकेट असणं मला गैर वाटत नाही. स्वतःच्या मोबाईलवर मी टाकणार नाही. पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय असतं, ते मागा.

धागाकर्ती: आभारी आहे. पाहुण्यांच्या वाय-फायसाठी आजच मेल टाकते. एकच शंका: एका सहकाऱ्याने आधीच टाकलंय. नुसतं काढून टाकलं तर पुरेल का?

उत्तर: पुढच्यासाठी हो. सेटिंग्जमधल्या सुरक्षा विभागात वापरकर्त्याने टाकलेली सर्टिफिकेटं दिसतात, तिथून काढा. मधल्या काळात ब्राउझरमधून जिथे लॉगिन केलं असेल, ते पासवर्ड घरच्या नेटवरून बदलायला सांगा.