ख्मेर विद्यार्थ्यांना ‘वेअर’ हे क्रियापद कसे समजवावे?

प्रश्न
मी कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह येथे प्रौढांना इंग्रजी शिकवते. इथल्या ख्मेर भाषेत कमरेखालच्या वस्त्रासाठी, मग ती पँट असो वा कमरेला गुंडाळायचे साम्पोत, ‘स्लिएक’ हे क्रियापद वापरतात, तर सदरा, टोपी, चष्मा, घड्याळ यांना ‘पेअक’ लागते. काल एका विद्यार्थिनीने वहीत दोन रकाने आखले, सदऱ्याच्या रकान्यात ‘वेअर’ लिहिले, पँटचा रिकामा ठेवला आणि तिथला शब्द मी कधी सांगणार असे विचारले. दोन्हीकडे तोच शब्द चालतो, हे तिला काही केल्या पटले नाही.

प्रतिसाद १
तिची अडचण मराठी माणसाला लवकर कळावी. आपण साडी नेसतो, सदरा घालतो, शाल पांघरतो, फेटा बांधतो, गजरा माळतो आणि अत्तर लावतो. इंग्रजीत या सगळ्यांना ‘वेअर’ पुरते. मात्र आपले ‘नेसणे’ वस्त्र गुंडाळण्याच्या रीतीवर ठरते, म्हणून धोतर नेसतात आणि पँट घालतात. ‘स्लिएक’ला ती रीत महत्त्वाची नाही. ‘खाली’ आणि ‘वर’ असा सरसकट नियमही सांगू नये, कारण बूट पायात असूनही ‘पेअक’च लागते. त्यापेक्षा तिच्याच भाषेतला ‘स्लिएक-पेअक’ हा पेहराव करण्यासाठीचा जोडशब्द पुढे करावा. ‘वेअर’ला त्याहून जवळचे काही मला दिसत नाही.

प्रतिसाद २
जोडशब्दाची युक्ती चांगली आहे, पण माझ्या मते खरी गफलत पुढेच होते. ‘शी इज वेअरिंग’चा अर्थ ‘तिने घातले आहे’ असा स्थितीचा आहे, आणि आपली मुलेसुद्धा ‘ती घालत आहे’ असे भाषांतर करून तिचा हात अस्तनीतच अडकवून ठेवतात. ती क्रिया सांगायला ‘पुट ऑन’ लागते. वर्गात जाकीट सावकाश अंगात चढवावे, हात बाहीत असेपर्यंत ‘पुटिंग ऑन’ म्हणावे आणि शेवटचे बटण लावल्यावरच ‘वेअरिंग’ म्हणावे. ख्मेर क्रियापदाचे रूप काळानुसार बदलत नाही, काळ वेगळ्या शब्दांनी दाखवतात. त्यामुळे ‘वोअर’ आणि ‘वॉर्न’ स्वतंत्रपणे घोटून घ्यावे लागतील.

प्रतिसाद ३
चपला झिजतात त्या अर्थाचे ‘वेअर आउट’ याच तासाला शिकवू नये. ख्मेरमध्ये झिजण्याला निराळेच क्रियापद आहे, आणि विद्यार्थिनी तिसरा रकाना आखून बसेल.

प्रश्नकर्ती
आज ‘स्लिएक-पेअक’ फळ्यावर लिहिले. तिने रकाने खोडले नाहीत. दोन्हींच्या वर एक आडवी रेघ ओढून तिच्यावर एकदाच ‘वेअर’ लिहिले. पुढच्या तासाला जाकीट नेईन, फक्त इथल्या उकाड्यात ते अंगावर ठेवून ‘वेअरिंग’ फार वेळ म्हणणे मला जमणार नाही.