मॅग्नेटिक ड्रिल वेबवर हादरते: चुंबक कमजोर की स्लाइड ढिली?

अंबड_फॅब्रिकेटर यांचा प्रश्न

नमस्कार. अंबड औद्योगिक वसाहतीत आमचे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. सध्या एका शेडसाठी आयएसएमबी २०० गर्डरना (२०० मिमी उंचीच्या, आय आकाराच्या लोखंडी तुळयांना) एम२० बोल्टसाठी २२ मिमी व्यासाची भोके मॅग्नेटिक ड्रिलने, म्हणजे तळाच्या विद्युतचुंबकाने लोखंडाला चिकटून भोक पाडणाऱ्या यंत्राने, पाडण्याचे काम चालू आहे. फ्लँजवरची, म्हणजे गर्डरच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांवरची, भोके व्यवस्थित पडतात. परंतु वेबवर, म्हणजे मधल्या उभ्या पट्टीवर, भोक पाडताना कटर (कडेला दात असलेली पोकळ नळी) लोखंडात शिरू लागला की यंत्र हादरते, भोक किंचित लांबट होते आणि एका कटरचे दातही तुटले. आमच्या फिटरच्या मते चुंबकाची ताकद कमी झाली आहे. मला मात्र मोटर ज्या स्लाइडवर वरखाली होते तीच ढिली झाल्याचा संशय आहे, कारण हँडल सोडले की मोटर आपोआप खाली घसरते. दोष नेमका कशात आहे हे वर्कशॉपमध्येच कसे ओळखावे, आणि स्लाइड कसायची झाल्यास ती किती कसावी? लवकरच उभ्या खांबांवर, शिडी-पालखीवरून भोके पाडण्याचे कामही आहे. त्याविषयीही जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सातपूर_टूलरूम यांचे उत्तर

आपण आणि आपला फिटर, दोघांचेही निरीक्षण बरोबर असू शकते, कारण हे दोन वेगळे दोष आहेत आणि भोकावर त्यांचा परिणाम जवळजवळ सारखाच दिसतो. म्हणून स्क्रू कसायला घेण्यापूर्वी ते वेगळे करावेत. वेबवर बेस (यंत्राचा चुंबक असलेला तळ) ठेवून चुंबक चालू करावे आणि बेसच्या चारही बाजूंनी स्क्राइबरने (टोकदार आखणीच्या सुईने) बारीक रेघ ओढावी. मोटर बंद असताना मोटरचे डोके दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे आणि आडवे हलवून पाहावे. बेस रेघेवर स्थिर राहून वरचा भागच हलत असेल तर दोष स्लाइडचा आहे. डोके घट्ट आहे, पण भोक पाडल्यावर बेस रेघेवरून सरकलेला दिसतो, तर दोष पकडीचा आहे. आपली मोटर हँडल सोडताच घसरते, त्या अर्थी स्लाइड नक्कीच ढिली आहे. तरीही फ्लँजवर भोके नीट पडतात आणि वेबवरच बिघडतात, यावरून पकडही कमी पडत असावी.

या दुसऱ्या गोष्टीबद्दल चुंबकाला दोष देण्याची घाई करू नये. चुंबकाची पकड निम्मी त्याच्या खालच्या लोखंडाची असते. आयएसएमबी २०० ची वेब सहा मिमीपेक्षाही थोडी पातळ आहे, आणि बहुतेक यंत्रांची नोंदलेली पकड मिळण्यासाठी सुमारे १० ते १२ मिमी जाडी लागते. पातळ पत्र्यात चुंबकीय प्रवाह मावत नाही, उरलेला बाहेर गळतो आणि पकड कमी होते. शिवाय यंत्रावर लिहिलेली पकड ही सरळ वर ओढण्याच्या विरोधातली असते. आडवे सरकण्याला केवळ घर्षण अडवते, आणि ते त्या आकड्याच्या बरेच खाली असते. खालच्या पृष्ठभागावर रेडऑक्साइड रंग, गंज किंवा मिल स्केल (कारखान्यातून आलेल्या लोखंडावरची काळी पापुद्री) असेल तर मध्ये फट राहून पकड आणखी घटते; म्हणून बेसपुरती जागा ग्राइंडरने स्वच्छ करावी, आणि बेसच्या तळाला चिकटलेल्या चिप्स (लोखंडाचा कीस) व उठलेले बरही (धारदार कंगोरे) काढावेत.

आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. वेब आणि फ्लँज जिथे मिळतात तिथे गोलाई असते. बेसची एक कड त्या गोलाईवर चढली तर तळ वेबला पूर्ण टेकत नाही, आणि वरून पाहिल्यास ते लक्षातही येत नाही. बेस गर्डरच्या लांबीला समांतर ठेवून त्याच्या कडांखाली पातळ फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) जाते का ते पाहावे. कटर बेसच्या पुढे असल्यामुळे दाब देताना बेसची पुढची कडच उचलली जाण्याचा प्रयत्न करते, म्हणून फट पुढच्या बाजूला असेल तर ती सर्वांत वाईट.

आता स्लाइड. प्रथम पिन सॉकेटमधून काढावी. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. कटर उतरवून मोटरखाली लाकडी ठोकळा द्यावा, नाही तर स्क्रू ढिला होताच मोटर बोटांवर येते. बाजूच्या गिब स्क्रूंचे (स्लाइडमधला खेळ काढणारी गिब पट्टी दाबणाऱ्या स्क्रूंचे) लॉकनट सैल करावेत, मग मधल्या स्क्रूपासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जात प्रत्येक स्क्रू थोडा-थोडा आणि सारखाच कसावा. मध्येच स्लाइड पूर्ण अंतरभर वरखाली करून पाहावी. हँडल सोडल्यावर मोटर जिथल्या तिथे थांबावी आणि संपूर्ण प्रवासात रोध एकसारखा लागावा, एवढे कसणे योग्य. त्याहून जास्त कसले तर कटर लोखंडात कसा चालला आहे हे हाताला कळेनासे होते आणि दात तुटतात. लॉकनट आवळताना स्क्रू ॲलन कीने धरून ठेवावा, कारण तो नटाबरोबर फिरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. सगळे स्क्रू टोकापर्यंत जाऊनही खेळ राहत असेल तर गिब पट्टी झिजली आहे, ती बदलावी.

कटर बसवताना पायलट पिन (कटरच्या मधली, भोकाचा मध्य दाखवणारी पिन) घालायला विसरू नये, आणि कटर धरणारे दोन्ही ग्रब स्क्रू (डोके नसलेले स्क्रू) शँकच्या, म्हणजे कटरच्या वरच्या दांड्याच्या, चपट्या भागांवर बरोबर बसले आहेत ना, हे पाहावे. ते गोल भागावर आवळले गेले तर कटर डगमगतो आणि लांबट भोकाचे तिसरे कारण तयार होते.

सिन्नर_इरेक्शन यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. उंचीवरच्या कामाबद्दल थोडे लिहितो. विद्युतचुंबकाच्या यंत्रात वीज गेली की चुंबकाची पकड जाते. म्हणून यंत्राबरोबर येणारी सुरक्षा साखळी खांबाभोवती किंवा वरच्या आडव्या गर्डरला ताणून बांधावी; ती सैल राहिली तर यंत्र आधी झोक्याने खाली येते आणि मग झटका बसतो. स्वतःचा सेफ्टी बेल्ट मात्र यंत्राला नव्हे, खांबाच्या रचनेलाच अडकवावा.

यंत्राला स्वतंत्र जाड केबल आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असलेला पुरवठा द्यावा. साइटवर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर ग्राइंडर, हॅलोजन आणि कोणाचा तरी मोबाईल चार्जर असतो, आणि चार्जरसाठी जागा करायला नेमकी आपलीच पिन काढली जाते. त्याच खांबावर वेल्डिंग चालू असताना मॅग्नेटिक ड्रिल वापरू नये. वेल्डिंगचा परतीचा प्रवाह यंत्रातून वाट काढू शकतो आणि त्याने यंत्र निकामी होते.

उभ्या कामात द्रव कूलंट ओघळून मोटरमध्ये शिरतो, म्हणून कटिंग पेस्ट लावावी. भोक पूर्ण होताच आतली गरम चकती सुटून पडते. त्यामुळे खालचा भाग दोरी बांधून बंद ठेवावा.

अंबड_फॅब्रिकेटर

सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचेही आभार. एक शंका राहिली. वेब पातळ असल्याने पकड वाढवण्यासाठी तिच्या मागून १२ मिमीची प्लेट लावली तर कटरने वेब आणि प्लेट दोन्ही छेदायचे का? आणि २२ मिमी कटरला वेग किती ठेवावा?

सातपूर_टूलरूम

नाही, दोन्ही छेदू नयेत. वेब छेदल्यावर तिची चकती कटरच्या पोकळीत राहते, आणि खाली दुसरी प्लेट असेल तर ती तिथेच अडकून कटर घासू लागतो. प्लेट फक्त बेसच्या मागे येईल अशी लावावी, भोकाची जागा मोकळी सोडावी, दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करावेत आणि सी-क्लॅम्पने घट्ट आवळावे. मध्ये फट राहिली तर तिचा उपयोग होणार नाही.

मऊ पोलादासाठी कटरच्या कडेचा वेग मिनिटाला २५ मीटरच्या आसपास धरावा. २२ मिमीसाठी तो मिनिटाला सुमारे ३६० फेरे येतो, तेव्हा आपल्या यंत्रावरचा त्याच्या जवळचा कमी गिअर निवडावा. कटर वर उचललेला असतानाच मोटर चालू करावी, दातांनी पूर्ण गोल खाच पाडेपर्यंत हलका दाब द्यावा, आणि नंतर थांबत-थांबत न देता एकसारखा द्यावा. भोक पूर्ण झाल्यावर मोटर चालू ठेवूनच कटर बाहेर काढावा, मग मोटर आणि शेवटी चुंबक बंद करावे. हातमोजे घालून फिरत्या कटरजवळ हात नेऊ नये; चिप्स यंत्र थांबल्यावर हुकाने काढाव्यात. आपल्या कामगारांपैकी कोणाला पेसमेकर बसवलेला असल्यास त्याला या यंत्रावर नेमू नये.