प्रिलिमच्या दिवशी दोन पेपरच्या मधल्या वेळात तुम्ही नक्की काय करता?

परतएकदा:
नमस्कार. यूपीएससी प्रिलिम तोंडावर आलीये. अभ्यासाचं विचारत नाहीये, तो आता जेवढा झालाय तेवढा झालाय, मला फक्त त्या एका दिवसाबद्दल विचारायचंय. मागच्या वेळी जीएस (सकाळचा सामान्य अध्ययनाचा पेपर) 11:30 ला सुटला, बाहेर आले तर सगळे घोळक्याने उत्तरं जुळवत उभे, मीपण थांबले आणि पाच-सहा चुकल्याचं कळल्यावर हातपायच गळाले. 2:30 ला सीसॅटला (उतारे आणि गणितांचा दुपारचा पेपर) बसले तर एकेक उतारा चार-चार वेळा वाचतेय आणि डोक्यात काही शिरतच नाहीये. नापास झाले. वर्षभर मी जीएसलाच दोष देत राहिले, आणि अंतिम निकालानंतर मार्क दिसले तेव्हा कळलं की जीएसला मी कट-ऑफच्या वर होते, सीसॅटला पास व्हायला लागतात ते 200 पैकी 66 झाले नव्हते. हे अजून पचत नाहीये. यावेळी तसं होऊ द्यायचं नाहीये. प्लीज कुणीतरी सांगा, 11:30 ते 2:30 तुम्ही कसे काढता?

काळा बॉलपेन:
वाचून खरंच वाईट वाटलं. मी तीनदा दिलीये, दोनदा मेन्सपर्यंत (मुख्य परीक्षेपर्यंत) गेलोय, म्हणून जे करतो ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे ते तीन तास नसतातच. ओएमआर (गोळे रंगवायची उत्तरपत्रिका) गोळा होऊन वर्गाबाहेर पडेपर्यंत वेळ जातो, आणि दुपारी गेट पेपरच्या अर्धा तास आधी म्हणजे 2 लाच बंद होतं (सकाळी 9 ला). हातात धड दोन-सव्वादोन तास उरतात, त्यात जेवण. हे आधी डोक्यात पक्कं करा म्हणजे धावपळ होणार नाही.

प्रश्नपत्रिका आपल्याला घरी न्यायला देतात, तोच खरा घात आहे. बाहेर आलो की ती मी घडी करून सोबत आलेल्या भावाकडे देतो आणि संध्याकाळपर्यंत परत मागत नाही. त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं असतं की पेपर कसा गेला हे विचारायचं नाही. मित्रांनापण स्पष्ट सांगतो, रागावले तरी चालतील. मग गेटपासून लांब, सावलीत बसायचं, नेहमी जे खाता तेच पण थोडं कमी खायचं आणि वीसेक मिनिटं डोळे मिटून पडायचं. झोप नाही लागली तरी चालतं. 1 वाजता एक उतारा आणि चार-पाच गणितं, तीपण आधी सोडवलेली, नवीन अजिबात नाही. जीएसच्या लयीत असलेलं डोकं त्याने सीसॅटकडे वळतं.

उंबरठा:
मला ते गणितं सोडवायचं पटत नाही. मी तसं केलं तेव्हा एक गणित अडकलं आणि तेच डोक्यात घेऊन आत गेले. मी आता नुसती चालते. ज्याचं त्याने मॉक (सराव पेपर) देताना ठरवावं, पण ठरवावं नक्की. म्हणजे शेवटचे दोन-तीन रविवार 9:30 ला जीएस आणि 2:30 ला सीसॅट असे दोन्ही पेपर त्याच वेळेला लावून बघा, मधला वेळसुद्धा जसा त्या दिवशी घालवणार तसाच घालवा. आपण मॉक एकेकटा पेपर देतो आणि मग त्या दिवशी दुपारी अंग का जड झालं असं विचारतो.

अजून एक, सीसॅटच्या ओएमआरवर रोल नंबर आणि प्रश्नपुस्तिकेची सिरीज पुन्हा भरायची असते. सकाळी ए होती म्हणून दुपारी सवयीने ए रंगवू नका, हातातली पुस्तिका बघा. तिथे चूक झाली तर उत्तरपत्रिका बाद होऊ शकते, आणि काळ्या बॉलपेनने रंगवलेला गोळा खोडता येत नाही.

परतएकदा:
खूप आभार दोघांचे. पेपर घरच्यांकडे देऊन टाकायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सीसॅटला किती अटेम्प्ट करावे? मागच्या वेळी घाबरून 60 च्या वर केले होते, बरेचसे अंदाजाने.

गणित कच्चं:
इथेच गेलं असेल तुमचं. 80 प्रश्न, प्रत्येकी अडीच मार्क आणि चुकलं की एक तृतीयांश जातात. म्हणजे तीन चुका झाल्या की एका बरोबर उत्तराचे मार्क गेले. एकही चूक नसेल तर 27 बरोबर आले की झालं, 67.5 होतात. 30 बरोबर आणि 10 चूक असतील तर 66.67, कसेबसे पास. 30 बरोबर आणि 11 चूक, 65.83, नापास! एका गोळ्याने. म्हणून मी आकडा ठरवून जात नाही. पहिल्या फेरीत फक्त खात्रीचे करतो आणि पुस्तिकेच्या कडेला रेघ मारत मोजतो, 35 च्या आसपास रेघा झाल्या की अंदाजाच्या प्रश्नांना हातच लावत नाही. रेघा कमी पडल्या तरच दोन पर्याय नक्की कटलेले प्रश्न बघतो. साधं घड्याळ जवळ ठेवा, स्मार्टवॉच चालत नाही.

काळा बॉलपेन:
रेघांची कल्पना भारी आहे, मीपण करणार. परतएकदा, एक राहिलं, दुपारी आत जातानापण हॉलतिकिटाची प्रिंट आणि ज्या ओळखपत्राचा नंबर त्यावर छापलाय तेच ओळखपत्र परत लागतं. जेवताना पिशवीत कुठेतरी टाकलं जातं आणि पावणेदोनला शोधाशोध होते. मी खिशातून बाहेरच काढत नाही.

परतएकदा:
हे लिहूनच ठेवते. या रविवारी दोन्ही मॉक त्याच वेळेला लावतेय, मधल्या वेळासकट. बाबांना सांगितलंय, मी बाहेर आले की आधी पेपर काढून घ्या.