हलत्या जहाजावर विमान आपोआप कसं उतरतं?

मालवणी_पोरगो: काल दादाच्या ट्रॉलरवरनं ड्रोन उडवला, बॅटरी उतरली म्हणून रिटर्न टू होम दाबलं तर तो उडाला होता त्याच जागी पाण्यावर उतरायला लागला, बोट तोवर पुढे गेलेली. कसाबसा स्टिकने डोक्यावर आणला आणि दादाने हाताने पकडला. मग विमानवाहू जहाजावर एवढं मोठं विमान आपोआप कसं उतरवतात? डेक पुढे पण जातो, वरखाली पण होतो.

दर्यावर्दी: ड्रोनला फक्त उडतानाची जागा माहीत असते रे. अमेरिकन नेव्हीच्या जेपाल्स नावाच्या विमान उतरवायच्या यंत्रणेत जीपीएस जहाजावरही असतो आणि विमानातही, जहाज रेडिओवरनं सतत माहिती पाठवतं, त्यामुळे विमान डेकपासूनचं आपलं अंतर मोजत येतं. त्याआधी रडार होतं, १९५७ मध्ये अँटिएटम जहाजावर त्याच्या जोरावर पायलटचा हात न लागता विमान उतरलं. काय कमाल आहे, तेव्हाचे कॉम्प्युटर आठवा!

हर्णैकर: लाटेचं खरं अवघड. आमच्याकडे होडीतनं मोठ्या बोटीवर चढताना होडी लाटेवर वर आली की त्याच क्षणी पाय टाकायचा, उशीर झाला की मधे सापडलास. तिथे जहाजावरचे सेन्सर डेक किती हलतोय ते मोजतात, पण विमान प्रत्येक लाटेमागे धावत नाही, शेवटच्या काही सेकंदांतच डेकची हालचाल हिशोबात घेतात. मग विमानाच्या शेपटीखालचा हुक डेकवर ताणलेल्या तारेत अडकतो आणि विमान थांबतं.

दर्यावर्दी: आणि पोरा, काही ड्रोनमध्ये होम पॉइंट, म्हणजे परत यायची जागा, रिमोटबरोबर सरकवता येतो, सेटिंग बघ.