उत्तर: वॉलपेपर फाटतो कशामुळे?

वर दोघांनी म्हटलंय की फोटो चांगला असूनही कॉम्प्युटरवर वॉलपेपर म्हणून लावला की फाटतो, म्हणजे खराब दिसतो, याला मॉनिटर जबाबदार. स्केलिंग (फोटो स्क्रीनच्या मापाला लहानमोठा करणं) चुकलं असेल तर ते पटतं, पण विंडोजवर आधी दुसरीकडे बघा. तुम्ही दिलेला जेपेग (.jpg) फोटो विंडोज जसाच्या तसा लावत नाही, त्याची पुन्हा दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) प्रत बनवतं. ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, थीम्स असं आत गेलात की 'ट्रान्सकोडेडवॉलपेपर' (TranscodedWallpaper) नावाची, एक्स्टेन्शन नसलेली फाइल सापडेल, ती हीच. मूळ फोटो उडवला तरी वॉलपेपर टिकतो तो तिच्यामुळेच.

नेरूळच्या तलावावर काढलेला फ्लेमिंगोंचा फोटो मी लावला होता. पक्षी ठीक दिसत होते, पण मागच्या संध्याकाळच्या आभाळात पट्टे पडले आणि पायांच्या कडेला चौकोनी कचरा. मॉनिटर तोच, फोटो व्ह्यूअरमध्ये मात्र लख्ख! या प्रतीचा दर्जा विंडोजने मुळात 85 टक्क्यांवर ठेवलेला असतो. रजिस्ट्रीत (विंडोजची आतली सेटिंग्ज जिथे असतात तिथे) करंट यूझरखाली (HKEY_CURRENT_USER) कंट्रोल पॅनेल, डेस्कटॉप इथे 'जेपेगइम्पोर्टक्वालिटी' (JPEGImportQuality) नावाची डीवर्ड (DWORD, आकडा ठेवणारी) किंमत तयार करून 100 द्या, डेसिमल, म्हणजे नेहमीची दशमान पद्धत निवडून (हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत 100 म्हणजे 256). मग लॉग आउट करून फोटो पुन्हा लावा; जुनी प्रत आपोआप सुधारत नाही. ऑफिसच्या मशीनवर आयटीवाले रजिस्ट्रीला हात लावू देणार नाहीत, तिथे निदान फोटो स्क्रीनच्याच मापाचा कापून लावा. लिनक्सवाल्यांना हा ताप नाही: ग्नोम (लिनक्सवरचा एक डेस्कटॉप) फक्त फाइलचा पत्ता लक्षात ठेवतं, त्यामुळे तिथे मूळ फोटो मात्र उडवू नका.