मदत हवी आहे: शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, बाहेर जेवताना आचाऱ्याला नेमकं काय विचारायचं?

मुलगी ५ वर्षांची आहे. तपासणीत शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी निघाली आहे. तीळ, खोबरं, दूध, गहू चालतं. डॉक्टरांनी शेंगदाणा तेलही पूर्ण बंद सांगितलंय. अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन सोबत असतं, कसं द्यायचं तेही शिकलो आहोत. पुढच्या महिन्यात पुण्याहून कोल्हापूरमार्गे गणपतीपुळे, ४ दिवस.

आतापर्यंतचा अनुभव: "दाणे आहेत का?" विचारलं की वाढपी मनापासून "नाही" म्हणतो, आणि काकडीच्या कोशिंबिरीत कूट निघतं. त्याच्या लेखी दाणे वेगळे, कूट वेगळं. आता दाणे, कूट, चटणी, तेल असं एकेक विचारते. तरी भरल्या वांग्याचा डाव वरणात गेला तर कुणाला कळणार? इडली सुरक्षित वाटायची, पण पांढऱ्या चटणीतही बऱ्याचदा दाणे असतात. उपासाच्या दिवशी तर बाहेर खाणं टाळतोच.

एका वेळचा डबा सोबत असेल, पण खोलीत स्वयंपाकाची सोय नाही. मोठ्या साखळी हॉटेलांत अ‍ॅलर्जीची माहिती मिळू शकते, पण या रस्त्यावर आम्हाला साध्या खानावळीच लागणार.

ज्यांच्या घरी हीच अ‍ॅलर्जी आहे त्यांनी कृपया सांगा: तुम्ही थेट आचाऱ्याशी बोलता का, गर्दीच्या आधी जाता का? वेगळ्या धुतलेल्या भांड्यात करून द्या, हे कोणत्या शब्दांत सांगितलं की खरंच पाळलं जातं?