मदत हवी आहे: हेडलाईटचा बल्ब घरीच बदलायचाय, पण उजव्या बाजूचाच सारखा का जातो?

घाटवाट_११ (सातारा)

नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१४ ची. रिफ्लेक्टरचा साधा हेडलाईट, अपर-डिपर दोन्ही एकाच एच-४ बल्बमध्ये. उजव्या बाजूचा डिपर गेलाय, अपर लागतो. याआधीही याच बाजूचा गेला होता, डावीकडचा जुना बल्ब मात्र अजून चालू आहे. बल्बमागचा कपलर (वायरीचा प्लग) एका पिनेपाशी तपकिरी पडलाय.

बल्ब स्वतःच बदलणार आहे, तर नीट क्रमाने सांगा. एकाच बाजूचा का जातो हे शोधायचं कसं? आणि दुकानात १००/९० वॉटचा (अपर १००, डिपर ९०) नाहीतर एलईडी टाका म्हणतायत, ते करावं का? वाईहून पसरणी घाटाने रात्रीचं जाणं-येणं असतं. पावसाळ्यात धुकं, आणि गळीत हंगाम सुरू झाला की मागे रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. उजेड चांगलाच हवा.

वायरिंगवाला_मिरज

आधी बल्ब काढण्याचं सांगतो, बाकीचं त्यानंतर.

किल्ली बंद, लाईट बंद, आणि बल्ब चालू होता तर पंधरा-वीस मिनिटं थांबा. हॅलोजनची काच चांगलीच भाजते. हात घालण्याआधी हेडलाईटच्या मागच्या बाजूचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. तारेची क्लिप कुठे अडकलीय हे नंतर नुसत्या हाताने चाचपून कळत नाही.

कपलर प्लास्टिकला धरून सरळ मागे ओढा, वायरीला धरून नाही. घट्ट असेल तर थोडा डावा-उजवा हलवत काढा. मग रबर बूट, म्हणजे बल्बमागची रबरी टोपी. त्याला एक कान असतो, तो धरून ओढला की निघतो. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका, रबर फाटलं की पुढचे सगळे प्रॉब्लेम तिथूनच सुरू होतात. आत तारेची स्प्रिंग क्लिप दिसेल. तिचं मोकळं टोक पुढे दाबायचं, बाजूला सरकवायचं, की खाचेतून सुटते. दुसऱ्या टोकाला ती बिजागरीसारखी अडकलेली असते, तिकडून काढायची गरज नाही. आता बल्ब सरळ बाहेर.

नवा बल्ब धातूच्या पायाला धरा, काचेला बोट लागू देऊ नका. बोटाचा तेलकट डाग तापला की तेवढ्याच जागी काच जास्त गरम होते, फुगते आणि बल्ब जातो. चुकून हात लागलाच तर स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या. पायाला तीन कान असतात, रुंद कान वर. एच-४ एकाच पद्धतीने बसतो. बसल्यावर बोटाने हलवून बघा, जरासुद्धा डुलता कामा नये. डुलतोय तर कान खाचेत गेलेला नाही, आणि तसाच क्लिप लावायचा प्रयत्न केलात तर क्लिप वाकते.

क्लिप, मग रबर. रबरावर वरची बाजू दाखवणारा बाण किंवा खूण असते. ते चहूबाजूंनी घट्ट बसलं पाहिजे आणि बल्बच्या तिन्ही पिना पूर्ण बाहेर दिसल्या पाहिजेत. पिना अर्ध्याच बाहेर आल्या तर कपलर अर्धाच बसतो आणि तिथेच तापायला लागतो. शेवटी कपलर रबराला टेकेपर्यंत दाबा. बॉनेट लावण्याआधी अपर-डिपर दोन्ही लावून बघा.

ज्या बाजूला बॅटरी किंवा वॉशरच्या टाकीचं तोंड आडवं येतं तिथे हात जात नाही. अशा वेळी जबरदस्ती करू नका, बॅटरी काढा. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह, बसवताना उलट क्रम. अख्खा हेडलाईट सोडवावा लागला तर फोकस परत सेट करावाच लागेल.

कृष्णाकाठ (सांगली)

गेलेला बल्ब टाकून देऊ नका, काय झालं ते तोच सांगतो. उजेडात धरून बघा.

काच आतून काळी किंवा आरशासारखी चकचकीत झाली असेल तर बल्ब आपलं आयुष्य जगून गेला, किंवा व्होल्टेज जास्त मिळत होतं. आत पांढरी-पिवळसर भुकटी असेल तर काचेला तडा जाऊन हवा आत शिरली: पाणी उडालं असेल किंवा बसवताना काचेला काहीतरी लागलं असेल. काचेला एका जागी फुगवटा म्हणजे बोटाचा डाग. काच स्वच्छ आणि फिलामेंट मधूनच तुटलेलं दिसलं तर हादरे, म्हणजे क्लिप सैल किंवा बल्ब नीट न बसलेला.

जास्त व्होल्टेज असतं तर दोन्ही बाजूंचे बल्ब पाठोपाठ गेले असते. तुमचा डावा टिकलाय, त्यामुळे दोष उजव्या बाजूलाच आहे. तरी मापून घ्या. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर, इंजिन १५००-२००० आरपीएमला, डिपर चालू. बॅटरीच्या टर्मिनलवर १३.८ ते १४.४ च्या आसपास यायला हवं. १४.८ च्या वर गेलं तर आल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा) रेग्युलेटर बघा. व्होल्टेज पाच टक्के वाढलं की हॅलोजनचं आयुष्य जवळपास निम्मं होतं.

आता तेच माप उजव्या बल्बवर, म्हणजे कपलरच्या मागून पिनांना प्रोब लावून. बल्ब जोडलेला आणि पेटलेलाच हवा. रिकाम्या कपलरवर मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण करंटच वाहत नसतो, आणि खराब जोड तसाच लपून राहतो. बॅटरी आणि बल्ब यांत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर तो कुठेतरी वाया जातोय. व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड तीस टक्के घटतो, इतकं हे प्रकरण नाजूक आहे.

घाटवाट_११

नवा ६०/५५ चा बल्ब बसवला, दोन्ही लागतात. जुन्या बल्बच्या आत पिवळसर पांढरी भुकटी आहे. रबर खालच्या बाजूला फाटलंय. मापं: बॅटरीवर १४.१, डाव्या बल्बवर १३.५, उजव्यावर १२.६.

कृष्णाकाठ (सांगली)

मग दोन वेगळे दोष आहेत, ते एकत्र करू नका.

बल्ब गेला तो पाण्याने. फाटलेल्या रबरातून चाकाने उडवलेलं पाणी आत गेलं, तापलेल्या काचेला लागलं, तडा गेला. नवा रबर बूट घ्या. चिकटपट्टी किंवा प्लास्टिकची पिशवी गुंडाळून भागवू नका, ती उष्णतेने सुटते आणि वाफ आत कोंडते.

उजेड कमी पडतोय तो कपलरमुळे. दोन्ही बाजूंत ०.९ व्होल्टचा फरक म्हणजे उजवा दिवा डाव्यापेक्षा साधारण वीस टक्के मंद. हा दीड व्होल्ट कुठे जातो ते आणखी बारकाईने बघा: डिपर चालू ठेवून मीटरची एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी बल्बच्या निगेटिव्ह पिनेवर. मग तसंच पॉझिटिव्हकडून. ज्या बाजूला मोठा आकडा, दोष त्या बाजूला. तपकिरी पिन तीच निघाली तर शोध संपला. पिन चांगली असेल आणि आकडा निगेटिव्हकडेच मोठा असेल, तर हेडलाईटजवळचा अर्थिंगचा (निगेटिव्ह वायर पत्र्याला जोडणारा) बोल्ट काढा, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. काही गाड्यांत अपर-डिपरचं स्विचिंगच निगेटिव्ह बाजूने असतं, तेव्हा स्विच आणि रिलेही (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) त्या रस्त्यात येतात हे लक्षात ठेवा.

अजिंक्यतारा_पार्ट्स

१००/९० बद्दल माझं स्पष्ट मत: टाकू नका. डिपरच्या ५५ वॉटला १२ व्होल्टवर साधारण ४.६ अँपिअर लागतो, ९० वॉटला ७.५. वायरीत आणि जोडात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे अडीचपटीहून जास्त. तुमचा कपलर ५५ वर तपकिरी झालाय, ९० वर तो वितळेल. रिले लावून वायरिंग वाचवता येईल, पण रिफ्लेक्टरचा मुलामा आणि प्लास्टिकची काच त्या उष्णतेतून वाचत नाही. रिफ्लेक्टर एकदा करपला की बल्ब कितीही वॉटचा लावा, उजेड रस्त्यावर पोचत नाही.

एलईडीचा प्रश्न वेगळा आहे. एच-४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग उजळतो आणि झोत खाली पडतो. वाटीची एक कड तिरपी असते, त्यामुळेच आपल्याकडे झोत डावीकडे थोडा वर चढतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. हे सगळं फिलामेंटच्या जागेवर अवलंबून आहे, आणि तिथे मिलिमीटरच्या अंशाचाही फरक चालत नाही. एलईडीची चिप चपटी, तिचा प्रकाश दोन बाजूंना फाकतो. भिंतीवर भरपूर उजेड दिसतो, रस्त्यावर लांबवर कमी पोचतो. पसरणी घाटातल्या धुक्यात तर वर गेलेला प्रत्येक किरण धुक्यावरून परतून तुमच्याच डोळ्यांत येतो. शिवाय हॅलोजनसाठी मंजूर झालेल्या दिव्यात असा बदल करणं नियमात बसत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशाच फेरफारांबद्दल आहे. ज्या गाडीत कंपनीनेच एलईडीसाठी दिवा बनवलाय, तिची गोष्ट वेगळी.

निळसर काचेचे 'जास्त पांढरे' बल्बही नकोत. ती निळी छटा प्रकाशाचाच काही भाग गिळते. ओल्या डांबरावर साधा पिवळसर हॅलोजन जास्त उपयोगी.

खरा उजेड वाढतो तो इथे: दोन्ही बाजूंचे बल्ब जोडीने बदला (डावा जुना झालाय, आतून काळवंडला असेल), कपलर दुरुस्त करा, आणि हेडलाईटची काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करा. पाणी मारत १००० चा पेपर, मग २०००, मग ३०००, मग पॉलिश. वरून अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट द्यावाच लागतो, नाहीतर थोड्याच महिन्यांत पिवळेपणा परत येतो.

वायरिंगवाला_मिरज

कपलरबद्दल. चिनी मातीचा एच-४ होल्डर वायरीसकट मिळतो, तो घ्या. वायर तांब्याची, २.५ स्क्वेअर एमएम. वायरी नुसत्या पिळून टेप मारू नका. क्रिंप करा (धातूच्या नळीत घालून पक्कडीने दाबा), वर हीट-श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळणारी नळी. स्लीव्ह जोडण्याआधी वायरीत ओवून ठेवा.

एका वेळी एकच वायर कापा, जोडा, मग पुढची. तिन्ही एकदम कापल्या तर कोणती कुठली हे शोधत बसावं लागतं, आणि निगेटिव्ह चुकून भलत्या पिनेवर गेली की अपर-डिपरचे दिवे एकमेकांतून उलटे पेटतात. दोन्ही मंद लागतात आणि माणूस उगाच बल्बला दोष देतो.

एवढं करूनही दोन्ही बल्बवर १३ च्या खालीच येत असेल तर रिले लावा, अपरला एक, डिपरला एक. रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला बॅटरीतून फ्यूजमार्गे वायर, ८७ वरून बल्बला, ८५-८६ पैकी एकीवर गाडीची मूळ हेडलाईटची वायर, दुसरीवर निगेटिव्ह. दोन बल्ब मिळून दहा अँपिअर, म्हणून प्रत्येक रिलेला १५ अँपिअरचा फ्यूज, आणि तो बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ. फ्यूज लांब बसवला तर मधली वायर पत्र्याला घासली तरी तो उडणार नाही.

अजिंक्यतारा_पार्ट्स

फोकस तपासायला विसरू नका. साताऱ्यात सपाट जागा शोधावी लागते, पण भिंत आणि गाडी एकाच पातळीवर नसतील तर माप फुकट. टायरमध्ये दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा, ड्रायव्हरच्या सीटवर एक माणूस, डॅशबोर्डवर लेव्हलिंगचं बटण असेल तर ते शून्यावर. भिंतीपासून ५ मीटर. बल्बच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खुणा करून घ्या. डिपरची वरची सपाट कड त्या खुणेच्या ५ सेंटीमीटर खाली यायला हवी, म्हणजे एक टक्का उतार. १० मीटरवर १० सेंटीमीटर. डावीकडे ती कड वर चढलेली दिसेल, तो दोष नाही. एक दिवा बघताना दुसऱ्यापुढे पुठ्ठा उभा धरा, काचेवर कापड टाकू नका.

हेडलाईटच्या मागे सेटिंगचे स्क्रू असतात, एक वर-खाली आणि एक डावी-उजवीसाठी. पाव फेरा फिरवा, भिंतीकडे बघा, मग पुढे.

घाटवाट_११

तपकिरी पिन निगेटिव्हचीच निघाली. होल्डर आणि रबर आणतो. एक शंका: पाऊस पडून गेल्यावर त्या दिव्यात आतून धुरकट दिसतं. रबर बदलल्यावर जाईल का?

कृष्णाकाठ (सांगली)

नुसतं धुरकट असेल आणि दिवा लावल्यावर थोड्या वेळात जात असेल तर काळजी नको, हवा खेळायला हेडलाईटला मागे छोटी नळी असते, ती मातीने बुजली नाही ना तेवढं बघा. थेंब ओघळताना दिसत असतील तर काचेच्या कडेचं सील गेलंय. तेव्हा नवं रबर लावून आत पाणी कोंडू नका. दिवा काढा, रबर उघडं ठेवून उन्हात पूर्ण वाळवा, कडेला सिलिकॉन सीलंट भरा, तो चोवीस तास वाळू द्या, मगच बल्ब बसवा.